जुन्या गाडीचा सौदा आणि खरेदीदाराची अमानत

व्यापारातील सचोटीविषयी आपल्याकडे बोलले जाते, लिहिले जाते, खुत्ब्यांतूनही ऐकवले जाते. मात्र या सर्व उपदेशाचा रोख बहुधा विक्रेत्याकडे असतो. माप पूर्ण द्यावे, मालातील दोष लपवू नये, खोटी शपथ घेऊन माल खपवू नये, हे सारे दुकानात बसलेल्या माणसाला उद्देशून असते. खरेदीदार जणू नेहमी निष्पाप आणि फसवला जाणाराच असतो, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु आज परिस्थिती अशी आहे की आपल्या वस्त्यांतील फारच थोडी कुटुंबे दुकानदार आहेत आणि खरेदीदार मात्र सर्वच आहेत. त्यातही मोबाईलवरच्या जाहिरातींनी खरेदीदाराच्या हाती असे एक बळ दिले आहे, जे पूर्वी फक्त दलालांकडे असे. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस उघडावे, शंभर जुन्या मोटारसायकली आणि स्कूटर पाहाव्यात, वीस जणांना संदेश पाठवावा आणि ज्याची नड सर्वांत मोठी त्याच्याशी सौदा करावा. या बळाचा हिशोब द्यावा लागेल की नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

तो प्रश्न मला एका तरुणाने विचारला. हा मुलगा घरोघरी पार्सल पोचवण्याचे काम करतो. त्याची स्वतःची गाडी वारंवार बंद पडत होती, म्हणून त्याने जाहिरात पाहून एक स्कूटर घेतली. मागितलेली किंमत ३०,००० रुपये होती. बोलता बोलता विक्रेत्याच्या तोंडून निघून गेले की पत्नी रुग्णालयात आहे आणि उद्या सकाळपर्यंत पैसे भरायचे आहेत. मुलाने लगेच सांगितले, "रोख १८,००० देतो, आत्ता येतो, नाहीतर राहू द्या." विक्रेता थोडा वेळ गप्प राहिला आणि मग "या" म्हणाला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकने गाडी पाहून सांगितले की ही गाडी डोळे झाकून तीस हजारांची आहे. जुम्याच्या नमाजनंतर तो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "मौलाना, सौदा तर राजीखुशीने झाला. मी खोटे बोललो नाही, जबरदस्ती केली नाही. मग मनाला खटकते का?"

फिक्हच्या दृष्टीने उत्तर अवघड नाही. सौदा झाला आणि तो वैध आहे. आपल्याकडे देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणातील बहुतेक शाफई. या दोन्ही मजहबांत, फसवणूक झालेली नसेल तर केवळ किंमत फार कमी होती एवढ्या कारणाने सौदा मोडत नाही. हंबली फुकहांनी मात्र, ज्याला बाजारभाव ठाऊक नाही आणि ज्याला भाव करता येत नाही अशा माणसाला, मोठा तोटा झाल्यास सौदा रद्द करण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे हा विषय आपल्या बुजुर्गांच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

पण सौदा वैध आहे म्हणून तो निर्मळही आहे, असे होत नाही. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत अल्लाहने एकमेकांचे धन अनुचित मार्गाने खाण्यास मनाई केली आणि परस्पर संमतीने होणाऱ्या व्यापाराला त्यातून वेगळे काढले. त्या मुलाच्या "राजीखुशीने" या शब्दाचा आधार हीच आयत. तर मग विचार करायचा तो राजीपणाचा. रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभा असलेला माणूस अठरा हजारांना 'हो' म्हणतो, तेव्हा तो गाडीच्या किमतीला होकार देत असतो की आपल्या लाचारीला? काजीच्या दरबारात पहिला होकार धरला जाईल, कारण काजी मन उघडून पाहू शकत नाही. मन ज्याला दिसते त्याच्यापुढे हिशोब वेगळा मांडला जाणार आहे.

याचा अर्थ भाव करूच नये असा नव्हे. काही भल्या माणसांना भाव करणे हलकेपणाचे वाटते. तसे मानण्याचे कारण नाही, कारण स्वतः प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी वापरलेल्या जनावराचा भाव केला आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या उंटाची हदीस प्रसिद्ध आहे. वडील उहुदमध्ये शहीद झालेले, मागे त्यांचे कर्ज आणि बहिणींची जबाबदारी, अशा परिस्थितीतील हा तरुण सहाबी. एका मोहिमेवरून परतताना त्यांचा उंट थकून मागे पडला, इतका की त्याला सोडूनच द्यावे असे त्यांच्या मनात आले. प्रेषितांनी (सल्ल.) त्या उंटाला हाकले, दुआ केली आणि तो असा चालू लागला जसा पूर्वी कधी चालला नव्हता. नंतर आपण म्हणाले की हा मला एक ऊकियाला, म्हणजे चाळीस दिरहमांना, विक. जाबिर यांनी आधी नकार दिला. पुन्हा विचारल्यावर होकार दिला, पण अट घातली की मदीनेला पोचेपर्यंत स्वारी मीच करीन. अट मान्य झाली. मदीनेत गेल्यावर किंमत चुकती झाली, वर थोडे अधिक तोलून दिले गेले आणि अखेर उंटही जाबिर यांनाच परत मिळाला. ते वाढीव मिळालेले त्यांनी आपल्या थैलीत जपून ठेवले होते.

किमतीच्या आकड्याविषयी निरनिराळ्या कथनांत फरक आहे, पण मला या प्रसंगातील एक गोष्ट फार मोलाची वाटते आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. भाव नंतर ठरला. जनावर आधी सुधारले. उंट लंगडत असताना, त्याचा मालक त्याला टाकून देण्याच्या विचारात असताना, तो कवडीमोलाने मिळाला असता. प्रेषितांनी (सल्ल.) त्या घडीला किंमत विचारली नाही. आणि ज्याच्याकडून घ्यायचे तो गरजवंत आहे हे ठाऊक असताना त्या गरजेचा उपयोग त्याला अधिक देण्यासाठी झाला. आमच्या मुलाने नेमके उलटे केले. गरज कळली आणि त्याने आकडा खाली आणला.

दुसरा प्रसंग हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा, घोड्याचा. त्यांच्या माणसाने एक घोडा तीनशेला ठरवला आणि पैसे देण्यासाठी मालकाला घेऊन आला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले की तुझा घोडा तीनशेहून अधिक किमतीचा आहे, चारशेला देतोस का? मग आणखी वाढवत वाढवत त्यांनी तो आठशेला विकत घेतला. लोकांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की मी प्रेषितांच्या (सल्ल.) हातावर प्रत्येक मुसलमानाशी 'नसीहत' पाळण्याची बैअत केली आहे. येथे भाषेचा एक पेच आहे. उर्दूत आणि आपल्या मराठीतही नसीहत म्हणजे उपदेश. मूळ अरबीत त्या शब्दाला निर्भेळपणाचा अर्थ आहे. गाळून शुद्ध केलेल्या मधासाठी तो वापरला जाई. दुसऱ्याचे हित चिंतताना त्यात आपल्या स्वार्थाची भेसळ होऊ न देणे, ही नसीहत. जरीर यांनी घोड्याच्या मालकाला उपदेश केला नाही, पाचशे जास्त दिले. हनफी मजहबाचे संस्थापक इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते, त्यांच्या चरित्रकारांनीही असाच एक प्रसंग नोंदवला आहे. एक स्त्री शंभराला रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिला ते चेष्टा करताहेत असे वाटेपर्यंत इमामसाहेब किंमत वाढवत गेले.

यावर कोणी म्हणेल, ते सहाबा होते, ते इमाम होते. महिन्याचा हप्ता भरता भरता ज्याच्या नाकीनऊ येतात त्याने मागितल्यापेक्षा जास्त द्यावे काय? आक्षेप योग्य आहे आणि तो झटकून टाकणे बरे नाही. जरीर यांनी केले ते एहसान होते. शरीयत प्रत्येक खरेदीदाराकडून एहसानाची सक्ती करत नाही. गरिबाने आपल्या ऐपतीप्रमाणे भाव मागावा, "माझ्याजवळ बावीसच हजार आहेत" असे सांगावे आणि ते खरे असेल तर त्यात काही वावगे नाही. (खिशात तीस असताना बावीस सांगणे हे मात्र सरळ खोटे आहे. "भाव करताना चालते" असे म्हटल्याने त्याचे नाव बदलत नाही.) एहसानाच्या खाली मात्र एक पायरी आहे, जिच्याखाली उतरण्याची परवानगी गरिबालाही नाही आणि श्रीमंतालाही नाही. ती पायरी म्हणजे जुल्म न करणे. खरेदीदार ती तीन ठिकाणी ओलांडतो.

पहिले ठिकाण, वस्तूची खोटी निंदा. हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या व्यापारी कौमला जी ताकीद दिली तिच्यात माप पूर्ण करण्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे. लोकांच्या वस्तूंना उणेपणा आणू नका. कुरआनचा शब्द 'बख्स'. हाच शब्द सूरह यूसुफमध्ये येतो, जेथे यूसुफ (अलै.) यांना मोजक्या दिरहमांच्या क्षुल्लक किमतीला विकून टाकले गेले. आणखी एक पाहण्यासारखे. शुऐब (अलै.) यांच्या तोंडी शब्द 'लोक' असा आहे, 'श्रद्धावान' असा नाही. तेव्हा समोरचा विक्रेता पाटील आहे, डिसूझा आहे की शेख आहे, यावर हा नियम बदलत नाही. काही मंडळी जरीर यांच्या बैअतीतील 'मुसलमान' या शब्दाच्या आडोशाने पळवाट शोधतात, त्यांनी ही आयत वाचावी.

जुन्या गाडीच्या बाजारात बख्स कसा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. गाडी सुरू होताच मान हलवायची, "पिस्टनची रिंग गेलीय, इंजिनचे काम निघणार" असे म्हणायचे, जरी सायलेन्सरमधून निळसर धूर येत नसला तरी. टायर बरे असले तरी "दोन्ही बदलावे लागतील". सोबत एखादा मित्र आणायचा, त्याने मेकॅनिक असल्याचा आव आणायचा. विक्रेता बाई असेल किंवा वृद्ध असेल तर हे लगेच लागू पडते. उलट खरी पारख करणे हा खरेदीदाराचा हक्क आहे आणि तो त्याने पुरेपूर बजावावा. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, कारण काही विक्रेते गाडी आधीच गरम करून ठेवतात. चेन-स्प्रॉकेटची झीज, क्लच, पुढच्या फोर्कमधून गळणारे तेल, अपघाताने वाकलेली चेसिस, मीटरवरचे किलोमीटर आणि ब्रेकच्या पायपट्टीची झीज यांचा मेळ, हे सर्व पाहावे. आरसीवरील चेसिस व इंजिनाचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवावेत. विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी तपासावी. गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च भावातून वजा मागावा. आढळलेला प्रत्येक दोष दाखवून त्यापुरती किंमत कमी करून घेणे यात कोणतेही पाप नाही. दोष असेल तेवढाच सांगावा, एवढेच. आणि वर्षभराने हीच गाडी विकायची वेळ आली की तोच तरुण जाहिरातीत "एकहाती, शोरूम कंडिशन" असे लिहितो. घेताना भंगार, देताना नवीकोरी. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांचा धिक्कार केला आहे ते असेच, घेताना पुरते घेणारे आणि देताना कमी देणारे. त्यांच्या हातात तराजू होता, आपल्या हातात जीभ आहे.

दुसरे ठिकाण, विक्रेत्याचे अज्ञान. प्रेषितांनी (सल्ल.) बाहेरून माल घेऊन येणाऱ्या काफिल्यांना बाजाराच्या आधीच वाटेत गाठून खरेदी करण्यास मनाई केली आणि असा माल कोणी घेतलाच, तर बाजारात पोचल्यावर मालकाला सौदा ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार दिला. कारण उघड आहे, वाटेतल्या माणसाला बाजारभाव माहीत नसतो. आज जाहिरातीवर सर्वांचे भाव सर्वांना दिसतात, मग अज्ञान कुठले, असे म्हणता येईल. बहुतेक विक्रेत्यांबाबत ते खरेही आहे. ज्याने स्वतः दहा जाहिराती पाहून आकडा टाकला आहे त्याला भाव समजावून सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. परंतु एक विक्रेता असा आहे ज्याच्याविषयी मला मुद्दाम लिहायचे आहे.

पती वारला आहे. त्याची मोटारसायकल सहा महिने अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. पत्नीला ती पाहवत नाही. शेजारच्या मुलाने जाहिरात टाकून दिली आणि पहिला खरेदीदार आला. बाई म्हणते, "भाऊ, तुम्हीच सांगा काय द्यायचे ते." खरेदीदार पंधरा हजार सांगतो आणि घरी येऊन अल्लाहचे आभार मानतो. त्याने काय विकत घेतले याचा त्याने विचार केलेला नसतो. ती गाडी एकट्या बाईची नाही. मयताचे कर्ज आणि वसीयत वजा जाता ती सर्व वारसांची आहे आणि त्या वारसांत लहान मुले असतील तर ते यतीमांचे धन आहे. यतीमांचे धन अन्यायाने खाणारे पोटात आग भरतात, असे सूरह निसाच्या दहाव्या आयतीत सांगितले आहे. आपण ती आयत नेहमी काका-मामांना ऐकवतो, खरेदीदाराला कधी ऐकवत नाही. येथे फिक्हही कडक होते. प्रौढ माणूस आपली वस्तू कितीही स्वस्त विकू शकतो, पण नाबालिगाच्या हिश्शाची वस्तू तिच्या पालनकर्त्यालाही उघड तोट्याने विकता येत नाही. म्हणून येथे कमी भाव हा केवळ मनाला खटकण्याचा विषय राहत नाही, सौद्याच्या वैधतेवरच त्याची सावली पडते. सरकारी नियमही त्याच दिशेने बोट दाखवतो. मयताच्या नावावरची गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते, मगच ती पुढे विकता येते. खरेदीदाराने त्या बाईला हे सांगावे, सर्व वारसांची संमती घ्यायला लावावी आणि भाव ठरवण्यापूर्वी तिच्या माहेरच्या किंवा सासरच्या एखाद्या जाणत्या माणसाला बसवून घ्यावे.

उघड तोटा कशाला म्हणावे? आपल्या फुकहांनी याला 'गब्न-ए-फाहिश' म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सल्तनतीत हनफी फिक्हवर आधारलेली जी संहिता तयार झाली, 'मजल्ला', तिच्यात तर अपूर्णांकच दिले आहेत. साध्या मालात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा, स्थावरात पाचवा. पण हनफी ग्रंथांतील जुनी कसोटी मला अधिक उपयोगी वाटते. जाणकारांच्या अंदाजांच्या कक्षेत जी किंमत बसत नाही ती फाहिश. ही कसोटी आज कोणालाही वापरता येते. एकमेकांना न सांगता तीन मेकॅनिकांना गाडी दाखवा. एक २८ म्हणेल, दुसरा ३०, तिसरा ३२. मग सत्तावीस-अठ्ठावीसला घेतली तर तुम्ही भाव उत्तम केला. अठराला घेतली तर तो आकडा कोणाही पारख्याच्या तोंडी येणारा नाही. तो गाडी पाहून आलेला नसून गाडीवाल्याचा चेहरा पाहून आलेला आहे.

आणि हेच तिसरे ठिकाण, नड. अडलेल्याकडून खरेदी करण्यास मनाई करणारी एक हदीस अबू दाऊदमध्ये आहे. तिच्या सनदीवर हदीसतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, पण तिच्या आशयाचा विचार इमाम खत्ताबी (रह.) यांनी फार सूक्ष्मपणे केला आहे. ते म्हणतात, जबरदस्तीने विकायला लावले तर तो सौदाच होत नाही. कर्जाच्या किंवा खर्चाच्या ओझ्याखाली माणूस स्वस्तात विकत असेल तर सौदा होतो खरा, पण दीन आणि माणुसकी यांची मागणी अशी की त्याच्याकडून तशी खरेदी करू नये. त्याला उसने द्यावे, मुदत द्यावी, मदत करावी. आपल्या मराठीत घासाघीस हा शब्द आहे. त्यात घासणे आहे आणि घासताना नेहमी एका बाजूचे काहीतरी झिजते. ते वस्तूच्या किमतीचे झिजावे, माणसाचे नव्हे.

मी त्या तरुणाला सांगितले की स्कूटर तुझी झाली, ती परत करण्याचा हुकूम मी देणार नाही. पण तुझ्या मेकॅनिकच्या आकड्यात आणि तू दिलेल्या आकड्यात बारा हजारांचे अंतर आहे आणि ते अंतर तुझ्या चातुर्याने कमावलेले नाही, एका आजारी बाईच्या खाटेने तुला मिळवून दिले आहे. विक्रेत्याचा क्रमांक तुझ्या फोनमध्ये आहे. त्याला विचार, पत्नी कशी आहे. जमेल तेवढे दे, जमेल तसे दे. एकरकमी जमत नसेल तर महिन्याला हजार दे. तो म्हणाला, "मौलाना, माझेही हाल काही चांगले नाहीत." ते मला माहीत होते. म्हणूनच मी आकडा सांगितला नाही. पुढे त्याने काय केले ते मी विचारलेले नाही.

व्यवहाराच्या काही गोष्टी थोडक्यात नोंदवतो. फोटो पाहून व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला भाव ही बोलणी आहे. हनफींच्या मते न पाहिलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा अधिकार खरेदीदाराला असतो आणि शाफईंच्या मते तर न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच होत नाही. मात्र गाडी पाहून, शब्द देऊन झाल्यावर दुसरी स्वस्त गाडी दिसली म्हणून फोन न उचलणे हा वायदाभंग आहे. दुसऱ्याचा सौदा ठरल्याचे कळल्यावर हजार जास्त देऊन मध्ये शिरणे हदीसने निषिद्ध ठरवले आहे. भाव पाडण्यासाठी चार मित्रांच्या खात्यांवरून मुद्दाम कमी आकडे विचारायला लावणे हेही 'नजश'चेच उलटे रूप आहे. नजशमध्ये खोटी बोली लावून किंमत चढवतात, येथे उतरवतात. सौदा मोडल्यास टोकन जप्त करण्याची जी पद्धत आहे ती हनफी व शाफई मतानुसार नाजायज आहे. विक्रेत्याने लपवलेला जुना दोष नंतर उघड झाला तर गाडी परत करण्याचा शरई अधिकार खरेदीदाराला आहे. म्हणजे खरेदीदार असहाय नाही. त्याने भीतीपोटी आधीच किंमत ओरबाडून घेण्याचे कारण नाही.

राहिली शेवटची बाब, जिच्याकडे आपली मुले सर्वाधिक दुर्लक्ष करतात. पैसे दिले, किल्ली घेतली, पण गाडी नावावर केली नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद कपाटात टाकले. कायद्यानुसार विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. तसे झाले नाही तर चलन जुन्या मालकाच्या नावावर जाते. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारीही नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. ज्या माणसाने भरवसा ठेवून कोऱ्या फॉर्मवर सही दिली त्याच्या डोक्यावर आपण दोन-दोन वर्षे ही तलवार टांगून ठेवतो आणि हस्तांतराचे थोडे शुल्क वाचवले म्हणून खूश होतो. जे घरात अशी गाडी वापरत आहेत त्यांनी या आठवड्यात आरसी काढून पाहावी, तिच्यावर नाव कोणाचे आहे.